उसाचं वळण

"माझी गाडी काय आज लागत नाही," भुजंग म्हणाला. "तू आणि पोपटशेठ पळा. मी बसून बघतो."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवलेली त्याची बीएसए मोटरसायकल स्टँडवर उभी होती, आणि तो तिच्याकडं पाठ करून उन्हात बिडी ओढत बसला होता.

"लागत नाही म्हणजे?"

"मॅग्नेटो गेला."

"कवा गेला?"

"जाणारा काय सांगून जातोय व्हय, कवा गेलो ते?"

आजूबाजूची दोन-चार माणसं हसली. मला हसू आलं नाही. मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होतो.

ढवळेवाडीच्या माळावर इंग्रजांनी लढाईच्या काळात विमानं उतरवायला एक पट्टी बांधली होती. विमानं किती उतरली कुणाला ठाऊक. आम्हाला ती मोटरसायकली पळवायला उपयोगी पडली. लढाई संपल्यावर लष्करानं गाड्या लिलावात काढल्या, त्या कुणीकुणी घेतल्या, फिरत फिरत आमच्यासारख्यांच्या हाती आल्या. दिवाळी झाली की पुढच्या रविवारी माळावर शर्यत. नवीन गाड्यांच्या शर्यती पुढं खूप निघाल्या, पण सगळ्यात आधी जुन्यांची असायची. तिला धक्का स्टार्ट होता. इंजिन बंद ठेवून उभं राहायचं, झेंडा पडला की गाडी ढकलत पळायचं, फटफट झाली की उडी मारून बसायचं. एकेकाळी वीस-वीस गाड्या उभ्या राहायच्या. मग मालक म्हातारे झाले, काही वारले, काही गाड्या मुलांनी भंगारात घातल्या. उरलेल्या आम्ही कशाबशा जगवत होतो. पाण्याच्या इंजिनाच्या रिंगा घासून पिस्टनला बसवायच्या. क्लचला लागणारी बुचं दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून औषधाच्या बाटल्यांची मागून आणायची. इंजिनात एरंडेल घालायचं, म्हणजे तापलं तरी चिकटत नाही. त्या दिवशी सगळ्या माळाला एरंडेल जळल्याचा वास असायचा, आणि बघायला आलेली पोरं नाक दाबून लांब उभी राहायची.

मी पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचो. भुजंग नलवडेची पिठाची गिरणी होती. माझी मॅचलेस, त्याची बीएसए. त्याच्याबरोबर पहिल्यांदा पळालो तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी मला नातू होता. मधल्या एवढ्या वर्षांत मी त्याला एकदाही हरवलं नव्हतं. कधी कधी चाकाला चाक लावून आलो असेन, पण पुढं तोच. गावात माझं नाव शिदगोंडा. माळावर मला 'भुजंगाचा नंबर दोन' म्हणत.

आणि आता तो चालला होता. गिरणी विकून बेळगावला लेकीकडं राहायला जाणार होता. पुढच्या दिवाळीला तो माळावर नसणार. म्हणजे हरवायचं तर आजच.

"दोघांत शर्यत होत नाही," मी म्हणालो.

"का होत नाही? दोन बैलांची होते."

तेवढ्यात सेक्रेटरी काळगे आले. नवे होते, बँकेत साहेब होते, पांढरी टोपी घालून हातात कर्णा घेऊन फिरत होते. माझी बायको हौसा माझ्याबरोबर आली होती. मंडपाच्या खांबाला लावलेली पाटी तिनं मला सकाळीच वाचून दाखवली होती, कारण तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं, जुन्या गाड्या तीन उभ्या राहिल्या तर शर्यत, नाहीतर प्रदर्शन.

"काय ठरलं काका?" काळगेंनी विचारलं. "तीन आहेत का?"

"प्रदर्शन म्हणजे काय करायचं असतं?" मी विचारलं.

"अहो, छान असतं. गाडीला हार घालायचा. शाळेचं बँडपथक पुढं, तुम्ही मागून हळूहळू एक फेरी मारायची. लोकांनी टाळ्या वाजवायच्या. ह्या वयात शर्यत कशाला? पुढच्या वर्षीपासून तसंच करायचं म्हणतोय आम्ही."

"वरातीसारखं," हौसा म्हणाली.

"अगदी तसंच!" काळगे खूश झाले.

"आणि मयताला पण बँड असतोय," भुजंग धूर सोडत म्हणाला. काळगेंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

तिसरे होते पोपटशेठ गुजर. पेठेतले सराफ. त्यांनी एक नॉर्टन घेतली होती आणि तिला दागिन्यासारखी ठेवली होती. टेंपोतून गादीवर घालून आणत, शॅमीच्या मऊ कातड्यानं पुसत, आणि शर्यतीत अशी चालवत की तिच्यावर धूळ बसू नये. माणूस सज्जन. मागून कुणाची गाडी आली की हात वर करून बाजूला होत. त्यांच्याकडून शर्यतीला काही धोका नव्हता, पण शर्यत व्हायची तर ते लागत होते. भुजंगही लागत होता.

मी हत्यारांची पिशवी आणली आणि भुजंगाच्या गाडीशेजारी मांडी घातली.

"काय करतोस?" त्यानं विचारलं.

"मॅग्नेटो बघतो."

"मी बघितलाय."

"मग मी पण बघतो."

ठिणगी पाडणारा तो मॅग्नेटो, त्याचं टोपण काढलं. आतले पॉइंट पिठानं आणि तेलानं माखले होते. एवढंच. मी पोरं शाळेत पाटी पुसतात तसे ते पुसले, पॉलिशपेपर फिरवला, किक मारून बघितली. लख्ख ठिणगी पडली. ज्या माणसानं सगळ्या माळाला मॅग्नेटो शिकवला त्याला एवढं कळू नये? मग मी पेट्रोलच्या नळाकडं बघितलं. नळ बंद होता.

"भुजंगा," मी म्हणालो, "नळ बंद ठेवून गाडी लागत नसती."

"बंद हाय?" तो म्हणाला. "राहिला असंल."

"तुझ्याकडनं राहिला?"

तो बिडीची राख झटकत राहिला. माझ्या डोक्यात उजेड पडला. निदान मला तसं वाटलं. शेवटची शर्यत, वय झालेलं, आणि मागून मी. इतकी वर्षं राखलेलं नाव जाता जाता जाऊ नये म्हणून हा माणूस नाटक करत होता.

"हरायचं भ्या वाटतंय व्हय?" मी जरा मोठ्यानंच विचारलं.

बिडी विझवून तो हळूच उभा राहिला. माळावरची माणसं जवळ सरकली.

"कुणाचं भ्या? तुझं?"

"मग दुसऱ्या कुणाचं? पोपटशेठचं?"

"शिद्या, तू माझ्या मागं इतकी वर्षं पळालास, तुला माझं तोंड तरी ठाऊक हाय का? पाठच बघितलीस तू माझी."

"आज तू बघ माझी."

"बघतो की," तो म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "स्वेटर काढू नकोस हां."

माझ्या अंगात हौसानं विणलेला लालभडक स्वेटर होता. सकाळी थंडी होती म्हणून घातलेला, आता उन्हात अंगाला टोचत होता.

"का? घामानं मरू?"

"शोभतोय तुला. कुंकवाच्या करंड्यागत दिसतोस."

लोक पुन्हा हसले. मी इरेला पेटून स्वेटर तसाच ठेवला. हौसा मात्र भुजंगाकडं टक लावून बघत होती. "ते गाडीपर्यंत चाचपडत का गेले हो?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "म्हातारा झालाय." तिनं माझ्याकडं बघितलं. भुजंग माझ्यापेक्षा दोनच दिवाळ्यांनी मोठा होता.

वाट अशी होती. विमानाच्या पट्टीवरून सरळ सुटायचं. पट्टी संपली की डावीकडं गाडीवाटेला लागायचं आणि उतारानं खाली यायचं. खाली, जिथं लिफ्टनं उपसलेलं पाणी पोचलं होतं, तिथं डोक्याच्या वर वाढलेला ऊस, आणि त्या उसाला लागून एकदम डावीकडं वळण. मग कालव्याच्या कडेनं दोन वाकणं घेत चढ, पुन्हा पट्टी, आणि पट्टीच्या मध्यावर झेंडा. अशा पाच फेऱ्या. सगळ्यात वाईट उसाचं वळण. उतारानं गाडी सुसाट आलेली असते, समोर हिरवी भिंत दिसत असते, आणि भिंतीजवळ पोचेपर्यंत वाट कुठं गेली ते कळत नाही. म्हणून तिथं झेंडेवाला उभा करत. त्या साली ढवळेवाडीचा एक गडी होता, पिवळा झेंडा घेऊन बांधावर.

झेंडा पडला. भुजंग नेहमी पहिला सुटायचा. त्या दिवशी मी सुटलो. ढकलत चार ढांगा टाकल्या आणि मॅचलेस बोलली, उडी मारून बसलो, आणि पुढं बघतो तर कुणीच नाही. नुसती पट्टी. माझ्या पुढं मोकळी पट्टी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

मागून बीएसएचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. वाटलं, आता येईल शेजारी, जाईल पुढं. तो आला नाही. पहिली फेरी तो मागंच. दुसरी फेरी मागंच. इतक्या जवळ की मी वेगाची मूठ सोडली की त्यानं सोडावी, मी पिळली की त्यानं पिळावी. मी लांबून वळलो तर तो लांबून वळे. मी वाटेतला खड्डा चुकवला तर तो चुकवे. मी चुकून खड्ड्यात गेलो, तर मागून त्याची गाडीही धाडकन आदळलेली ऐकू आली.

"खेळवतोय," मी स्वतःशी म्हणालो. मांजर उंदराला खेळवतं तसा. शेवटच्या पट्टीवर पुढं काढणार आणि सगळ्या माळासमोर माझं हसं करणार. मी सारखा मान वळवून मागं बघत होतो. त्याचं तोंड मला खरंच नीट ठाऊक नव्हतं. दात विचकून, मान पुढं काढून, माझ्या पाठीवर डोळे रोवून तो येत होता. एवढी ईर्षा मी कुणाच्या तोंडावर बघितली नव्हती. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

पोपटशेठ अर्धी फेरी मागं, धूळ खाली बसायची वाट बघत येत होते.

पाचवी फेरी लागली. मी पुढं. पट्टी संपली, गाडीवाट लागली, उतार सुरू झाला. मी मागं बघितलं, तो होता. पुढं बघितलं, ऊस जवळ येत होता. बांधावर पिवळा झेंडा शोधला.

बांधावर कुणी नव्हतं.

नंतर कळलं. त्या गड्यानं चार फेऱ्या झेंडा इमानानं हलवला होता. पाचवी लागल्यावर त्याला वाटलं, आता शेवटच आहे तर कोण पहिला येतो ते बघायला नको? तो झेंडा काखेत मारून उसातल्या पायवाटेनं वर पट्टीकडं पळाला होता. त्याला बोल तरी कसा लावायचा? आमच्याकडचाच माणूस. शेवटची फेरी कोण सोडतो?

मी ब्रेक मारलाच नाही. कधी मारायचा तेच मला कळलं नाही. हिरवी भिंत आली आणि मी तिच्यात गेलो.

ऊस मोडत, पाचोळा उडवत, सरीतून हिसके खात मॅचलेस आत घुसली आणि चिखलात रुतून आडवी झाली. आदल्या दिवशी पाणी सोडलेलं होतं म्हणून हाडं वाचली. तोंडातला चिखल थुंकतोय तोच मागून तसाच आवाज, तसाच कडकडाट, आणि भुजंग गाडीसकट माझ्याच वाटेनं आत येऊन माझ्या पायाशी पडला.

दोन्ही इंजिनं बंद पडली होती. उसात एकदम शांत झालं.

"शिद्या?"

"आहे."

"लागलं का?"

"नाही. तुला?"

"कोपर सोललं वाटतं. हे काय हाय? ऊस हाय का?"

"मग काय द्राक्षं असतील?"

"वळण कुठं गेलं?"

"मागं राहिलं."

"मग तू वळला का नाहीस?"

मला राग आला. पडलो होतो, शर्यत घालवली होती, आणि वर हा जाब विचारत होता.

"मी नाही वळलो, चुकलो," मी ओरडलो. "तू का नाही वळलास? तू तर मागं होतास! तुला डोळे नव्हते?"

तो चिखलात बसून हातानं काहीतरी शोधत होता. त्याची टोपी त्याच्या गुडघ्याशीच पडलेली होती. त्याचा हात तिच्या शेजारून दोनदा गेला.

"न्हाईत," तो म्हणाला.

मी टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

"कवापासनं?"

"औंदा. पडदा आल्यागत झालंय. उजेड कळतो. माणूस उभा हाय एवढं कळतं, कोण ते कळत न्हाई. गिरणीचा पट्टा चढवताना हात जायचा राहिला, तवा गिरणी काढली विकायला."

"आणि माळावर आलास? गाडीवर बसलास?"

"मी कुठं आलो? मी म्हटलं गाडी लागत न्हाई. तूच लावलीस. सगळ्यांसमोर भ्या वाटतंय म्हणालास."

"सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर पळाला असतास माझ्यासंगं? म्हणाला असतास, बस भुजंगा, चहा घे. त्या काळग्यानं हार घालून बँडामागनं फिरवलं असतं." टोपी झटकून त्यानं डोक्यावर घातली. "तुझा तांबडा दिसत होता. म्हटलं तांबडा वळंल तिथं वळायचं. इतकी वर्षं पळतोय, शिद्याला वाट तर ठाऊक असंल."

मी स्वेटरवर बसलेला चिखल हातानं निपटून काढला.

"पण तू का चुकलास?" त्यानं पुन्हा विचारलं. "तुला तर दिसतंय."

सांगायला लाज वाटत होती. पण ज्यानं आत्ताच डोळे नाहीत म्हणून सांगितलं त्याच्यापुढं कसली लाज?

"मी हे वळण कधी बघितलंच नाही," मी म्हणालो. "तुझा डावा खांदा खाली गेला की मी ब्रेक मारायचो. आज चार फेऱ्या त्या झेंडेवाल्यावर काढल्या. तो गेला कुठं तरी."

भुजंगाला हसू फुटलं. उसाला धरून हसायला लागला तो, खोकला येईपर्यंत.

"म्हणजे तुला पण वाट ठाऊक न्हाई!"

"नाही."

"आणि मी तुझ्या भरवशावर!"

तेवढ्यात वाटेवर नॉर्टनचा आवाज आला. गोड, सावकाश, वरातीतल्या घोड्यासारखा. पोपटशेठ वळण नीट बघून, नीट वळून, चढाला लागले. उसातली आमची वाट त्यांना दिसली नसावी. ते खाली बघत असतील, गाडीवर चिखल उडतोय का ते.

"कोण गेलं?" भुजंगानं विचारलं.

"पोपटशेठ."

"म्हणजे आता तेच पुढं? आंधळं दळतंय आणि पोपट पीठ खातोय," तो म्हणाला. "ऊठ. तुझी गाडी निघती का बघ."

माझी गाडी वाटेकडं तोंड करून पडली होती. दोन हिसक्यांत निघाली. त्याची सरीत पार रुतली होती.

"जा," तो म्हणाला. "पोपटशेठला काय, चढावरच गाठशील. जिंकलास बघ. भुजंग नलवडे उसात पडला आणि शिदू पहिला आला. आजन्म सांगशील."

मी गाडीवर बसलो होतो. किकवर पाय होता. ते वाक्य किती वर्षं मी मनात म्हणून बघितलं होतं, फक्त त्यात ऊस नव्हता.

"असं नको," मी म्हणालो आणि उतरलो.

"का?"

"माळावर काय सांगू? आंधळ्याला उसात टाकून आलो म्हणून सांगू?"

"त्यांना ठाऊक न्हाई."

"मला ठाऊक झालं ना आता."

आम्ही दोघांनी मिळून बीएसए ओढून वाटेवर काढली. मग मी त्याला सांगितलं की मी पुढं राहतो. तो म्हणाला, वळायच्या आधी मूठ पार सोड, नळीतून फटफट आवाज येतो, तेवढा मला बास. दोन्ही गाड्या ढकलत पळालो. वय विसरून पळालो. दोन्ही लागल्या.

कालव्याच्या कडेचं पहिलं वाकण. मी मूठ सोडली, फटफट झाली, मागं त्याचीही झाली. दुसरं वाकण, तसंच. पोपटशेठ समोर आले. आमचा आवाज ऐकून त्यांनी मागं बघितलं, दोघं चिखलानं माखलेले, उसाचा पाला अंगाला लटकलेला, आणि सज्जन माणसानं हात वर करून गाडी बाजूला घेतली. त्यांना वाटलं, आम्ही त्यांना एका फेरीनं मागं टाकून पुढं चाललोय. ते स्वतः पहिले आहेत हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना ते आजवर कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

पट्टी लागली. रुंद, सरळ, मोकळी. लांब झेंड्याखाली माणसांचा काळा पुंजका. आता वळण नव्हतं. आता मला त्याला सांभाळायचं नव्हतं. आता खरी शर्यत, मी म्हणालो, आणि मूठ पिळली ती शेवटपर्यंत पिळली. टाकीवर पोट टेकवलं. मॅचलेसनं त्या दिवशी जेवढं दिलं तेवढं कधी दिलं नव्हतं.

उजव्या बाजूला बीएसएचं पुढचं चाक आलं. मग भुजंगाचा गुडघा आला. मग पाठ आली, ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. झेंडा पडला तेव्हा तो माझ्या पुढं एक चाक होता.

माळ ओरडला. टोप्या उडाल्या. मी मूठ सोडली आणि मनात एक शिवी दिली. एवढी वर्षं, एवढा ऊस, आणि शेवटी तेच.

मग बघितलं तर भुजंगानं मूठ सोडलेलीच नव्हती.

तो तसाच चालला होता, सुसाट, पट्टीच्या टोकाकडं. टोकाला वाट डावीकडं जाते. सरळ गेलं तर दगडांचा ढीग आणि पलीकडं ओढा. मी पुन्हा मूठ पिळली.

"ए शिद्या!" मागून माणसं ओरडायला लागली. "शर्यत संपली लगा! आता कुठं पळतोस?" "हरल्यावर जोर आला रं गड्याला!" हसण्याचा एवढा मोठा लोंढा माझ्या पाठीवर आला की इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. त्या हसण्यात मी भुजंगाला मागं टाकलं. आयुष्यात एकदा, आणि निकाल लागल्यावर. त्याच्या तोंडापुढून तांबडा स्वेटर नेला आणि मूठ सोडली. फटफट ऐकून त्यानंही सोडली. दगडांच्या अलीकडं दोघं थांबलो.

तो धापा टाकत होता.

"पोचलो?"

"पोचलो. झेंडा मागं राहिला."

"मला कळला न्हाई. मधेच तुझा तांबडा दिसंना झाला. म्हटलं निसटला गडी पुढं. म्हणून पिळली, पिळली, काय गावंना. आणि आता दिसलास." त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. "जिंकलास शेवटाला."

"नाही भुजंगा. तू जिंकलास. तांबडा दिसंना झाला कारण मी मागं पडलो."

"उगं काहीतरी सांगू नकोस."

"आईशपथ. एका चाकानं."

"झेंड्यानंतर तू माझ्या पुढंच होतास की. आत्ता बघितला तुला मी."

"ते तुला थांबवायला आलो."

"बरं बरं," तो म्हणाला. लहान मुलाची समजूत काढावी तसा बोलला. "उसात पण तू असाच वागलास. कुणापाशी बोलणार न्हाई मी. तू पण माझ्या डोळ्यांचं बोलू नकोस."

बक्षिसाच्या वेळी काळगेंनी कर्ण्यातून भुजंगाचं नाव पुकारलं. मी त्याला हाताला धरून नेलं. लोकांना वाटलं, मैत्री. त्यानं कप घेतला, वळला, तांबड्या रंगाचा अंदाज घेत माझ्यासमोर आला आणि कप माझ्या हातात दिला.

"ज्याचा त्याला," तो म्हणाला, आणि हळूच, "काळग्याला पण पटवलंस व्हय?"

माळ टाळ्यांनी दणाणला. केवढं मन माणसाचं! कायम हरणाऱ्याला जाता जाता आपला कप देऊन चाललाय! बायका डोळे पुसत होत्या. मी कप परत द्यायला गेलो तर लोक ओरडले, "घे शिद्या, घे! परत कोण देणार तुला?" काळगेंनी कर्णा पुन्हा तोंडाला लावला. ते म्हणाले, असली खिलाडूवृत्ती प्रदर्शनात बघायला मिळत नाही, ही शर्यत बंद होणार नाही. ती अजून चालू आहे. कधी चार गाड्या असतात, कधी पाच. उसाच्या वळणावर आता दोन झेंडेवाले ठेवतात.

त्या पुढच्या उन्हाळ्यात बेळगावला भुजंगाच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मी आणि हौसा बघायला गेलो. लेकीनं पाट मांडले, शेजारची चार माणसं बोलावली. भुजंगानं मला जवळ बसवून घेतलं आणि त्यांना सांगितलं, "हा शिदगोंडा. माळावर मला हरवलेला एकच माणूस."

"भुजंगा," मी म्हणालो, "आता तरी ऐक. तूच पहिला आला होतास. सगळ्या माळानं बघितलंय."

"बघा," तो शेजाऱ्यांना म्हणाला. "अजून माझं मन राखतोय."

शेजाऱ्यांनी माझ्याकडं देवमाणसाकडं बघावं तसं बघितलं. मी हौसाकडं बघितलं. ती ताटात वाढलेल्या गोड कुंद्याकडं बघत होती.

"अरे, आईशपथ सांगतो..."

"शिद्या," भुजंग म्हणाला. नवा जाड चष्मा नाकावर नीट बसवून त्यानं माझं तोंड पहिल्यांदाच बघावं तसं बराच वेळ बघितलं. "आता मला फसवू नकोस. डोळे परत आलेत मला. सगळं स्वच्छ दिसतंय."